संगणकाची निरवानिरव

वैशाख संपत आला कीं पुण्याच्या आकाशांत दुपारनंतर ढग जमूं लागतात. सिंहगडाच्या बाजूनें धुळीचा एक लोट येतो, खिडक्यांचीं दारें आपटतात, आणि वळिवाचा पहिला टपोरा थेंब पडण्यापूर्वींच घरांतील वीज जाते. दिवा त्याच क्षणीं विझतो. पंखा चारदोन फेरे घेऊन थांबतो. त्या दोघांचें कांहीं बिघडत नाहीं. वीज परत आली म्हणजे ते मुकाट्यानें पूर्ववत् कामास लागतात. शेजारच्या टेबलावरील संगणकाची गोष्ट मात्र निराळी. त्यावर कोणी सोसायटीचे वर्षाचे हिशेब मांडीत असेल, कोणी प्रबंधाचें शेवटचें प्रकरण लिहीत असेल. वीज आल्यावर तो धडपणें सुरू होईलच असें नाहीं, आणि सुरू झाला तरी जें लिहिलें होतें तें सांपडेलच असेंहि नाहीं.

हा फरक कां पडतो? दिव्यास स्मृति नाहीं, हें त्याचें सरळ उत्तर आहे. संगणकाचा सर्व संसार स्मृतीवर चालतो, आणि ती स्मृति दोन ठिकाणीं विभागलेली असते. एक ठिकाण चपळ पण क्षणभंगुर. त्यास मेमरी म्हणतात. दुसरें मंद पण चिरस्थायी; तें म्हणजे डिस्क किंवा तत्सम साधन. लिहिणाऱ्याची समजूत अशी असते कीं, 'सेव्ह'ची कळ दाबली म्हणजे मजकूर डिस्कवर कोरला गेला. प्रत्यक्षांत तो पुष्कळदां मेमरींतच थांबून राहतो, कारण दर वेळीं मंद डिस्कची वाट पाहत बसणें संगणकास परवडत नाहीं. लिनक्स नांवाच्या प्रणालींत, कोणीं मुद्दाम फेरफार केला नसेल तर, असा मजकूर सुमारें ३० सेकंद तसाच राहूं शकतो. दर ५ सेकंदांनीं आंतील एक सेवक जागा होतो, कोणता मजकूर शिळा झाला तें पाहतो आणि तेवढा डिस्कवर उतरवितो. कांहीं सावध प्रोग्रॅम ताबडतोब उतरविण्याचा आग्रह धरतात; पण सर्वच प्रोग्रॅम सावध नसतात.

पेढीवरील जुन्या कारकुनास ही रीत अपरिचित वाटणार नाहीं. दुकानांत गर्दी असतां तो व्यवहार पाटीवर टिपून ठेवी, उसंत मिळतांच ते रोजकीर्दींत उतरवी, आणि मग कीर्दीवरून खतावणी करी. पाटी पुसली गेली तर तेवढा व्यवहार बुडाला. परंतु त्याहून वाईट प्रसंग म्हणजे खतावणींत एका खात्यावर रक्कम नांवें पडली आणि दुसऱ्या खात्यावर ती जमा होण्यापूर्वींच कोणीं दिवा मालविला. मग बेरीजच जुळत नाहीं, आणि चूक शोधण्यासाठीं सारी वही चाळावी लागते. संगणकाच्या डिस्कवरहि अशींच खातीं असतात. फाईलचें नांव एकीकडे, तिचा मजकूर कोठें आहे ह्याचा पत्ता दुसरीकडे, आणि मोकळ्या जागेची यादी तिसरीकडे. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकींशीं जुळल्या तरच डिस्क शाबूत.

ह्यावर जो उपाय निघाला तोहि कारकुनाचाच आहे. काय बदल करावयाचा तो आधीं एका कीर्दींत लिहावा, आणि मग मूळ खात्यांस हात लावावा. मध्येंच वीज गेली तर पुढच्या वेळीं कीर्द वाचून अर्धवट राहिलेला बदल पुरा करतां येतो, नाहीं तर सोडून देतां येतो. लिनक्समध्यें ही सोय एक्स्ट-३ नांवाच्या रचनेबरोबर २००१ सालीं मूळ प्रवाहांत आली. तिचें इंग्रजी नांव 'जर्नल' हेंहि हिशेबनीसांच्याच शब्दकोशांतलें आहे. मात्र एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. कीर्दीमुळें वहीचा सांगाडा वांचतो. जो मजकूर अजून पाटीवरच होता तो तिच्यानें वांचत नाहीं.

साधनांची स्वतःची प्रकृतिहि पाहावी लागते. फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्यें वाचणारी सुई तबकडीस न टेकतां केसाच्या जाडीहूनहि कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. वीज जातांच ती तबकडीवर आपटूं नये म्हणून मोठी गमतीची युक्ति केलेली आहे. तबकडी अद्याप फिरत असते. त्या फिरण्याच्या जोरावर तिचीच मोटर क्षणभर डायनॅमोचें काम करते, आणि त्या अखेरच्या विजेवर सुई ओढून सुरक्षित जागीं नेली जाते. ह्या व्यवस्थेनें डिस्कचा देह वांचतो, मजकुराची हमी मिळत नाहीं. तळहाताएवढ्या स्वस्त संगणकांत जीं नखाएवढीं मेमरी कार्डें घालतात, त्यांची प्रकृति तर फारच नाजूक. त्यांत एखादी ओळ बदलावयाची तरी कार्डास आंतल्या आंत एक मोठा गट दुसरीकडे हलवून जुना गट पुसावा लागतो. त्या मधल्या वेळांत वीज गेली तर ज्या मजकुरास कोणीं हातहि लावला नव्हता तोहि नाहींसा होऊं शकतो. विद्यार्थी असले संगणक पाऊस मोजण्यास, बागेला पाणी सोडण्यास, दारावर पहारा ठेवण्यास लावतात, आणि एखाद्या पावसाळ्यांत कार्ड निकामी होतें. दोष कार्डाच्या माथीं येतो. खरा अपराध न सांगतां गेलेल्या विजेचा असतो.

'घरांत इन्व्हर्टर आहे, मग भय कसलें?' असा प्रश्न पुणेकर गृहस्थ विचारील. २००६ सालीं शहराच्या आसपासच्या कारखान्यांतील जनित्रांची मदत घेऊन पुण्यानें भारनियमनांतून सुटकेची तोड काढली, ती तेव्हां राज्यभर चर्चिली गेली. तरी अवचित जाणाऱ्या विजेमुळें गॅलरींतले इन्व्हर्टर काही हलले नाहींत. पण इन्व्हर्टर असूनहि संगणक मधूनच बंद पडतो हा अनुभव पुष्कळांस असेल. त्याचें कारण आंकड्यांत सांगतां येतें. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटींत जी थोडी वीज सांठलेली असते ती त्यास सुमारें १६-१७ मिलिसेकंद तगविते. आपल्याकडील विजेचें एक आवर्तन २० मिलिसेकंदांचें. म्हणजे एक आवर्तनहि निभत नाहीं. साध्या इन्व्हर्टरनें बॅटरीवर येण्यास ह्याहून अधिक वेळ घेतला कीं खेळ आटोपला. ही पेटी आपली वीज ठीक असल्याचा संकेत एका तारेनें सतत देत असते, आणि वीज ढासळण्यापूर्वीं तो मागें घेते. पण नियमानें बांधलेली ह्या पूर्वसूचनेची किमान मुदत किती, तर १ मिलिसेकंद! एवढ्या वेळांत मेमरींतला मजकूर डिस्कवर उतरविणें हें डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत घर रिकामें करण्यासारखें आहे.

येथें यंत्रांचीं दोन कुळें वेगळीं काढावीं लागतात. कांहीं यंत्रांचें हित तत्काळ थांबण्यांत असतें. बोरघाट उतरणारी आगगाडी घ्या. तिच्या ब्रेकांची नळी तुटली, डबा सुटला, किंवा कोणीं सांखळी ओढली, तर ब्रेक आपोआप लागावे अशीच त्यांची रचना आहे. ब्रेक मोकळे ठेवण्यासाठीं मेहनत करावी लागते, लावण्यासाठीं नव्हे. तारापूर येथें १९६९ सालीं सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतहि हेंच तत्त्व आहे. धोक्याचा संकेत मिळतांच दाबाखालीं सांठविलेल्या पाण्याच्या जोरावर नियंत्रक दांडे खालून वर कांहीं सेकंदांत भट्टींत घुसतात. तेथें कोणीं कोणास विचारण्याची सवड ठेवलेली नाहीं.

दुसऱ्या कुळांतील यंत्रें जागच्या जागीं सोडून देतां येत नाहींत. ह्याचें ठळक उदाहरण पुणें जिल्ह्यांतच आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभी राहिलेली जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यांत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागीं जवळजवळ, आणि १६ तीन बाहूंवर सुमारें २५ किलोमीटरच्या टापूंत पसरलेल्या. वारा आरपार जावा म्हणून तबकांस पत्र्याच्या ऐवजीं पोलादी तारेची जाळी लाविली आहे. तरी एवढा मोठा पसारा वादळांत तिरका उभा ठेवणें धोक्याचें. ताशीं ४० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यांत निरीक्षण चालतें. ताशीं १३३ किलोमीटरच्या वाऱ्यांतहि रचना तगावी असा तिचा आराखडा आहे. परंतु वारा वाढूं लागला म्हणजे नुसती मोटर बंद करून भागत नाहीं. तबक सावकाश फिरवून आकाशाकडे सरळ उताणें करावें लागतें, आणि मग त्यास खुंटी घालून जखडावें लागतें. ह्या सर्वास वीज लागते आणि वेळ लागतो. म्हणजे थांबविणें हेंहि तेथें एक कामच आहे, आणि तें वेळीं सुरू झालें पाहिजे.

संगणक ह्या दुसऱ्या कुळांतला. त्यासाठीं तीन गोष्टींची जुळणी करावी लागते: निरवानिरव होईपर्यंत पुरेल इतकी बॅटरी, वीज गेल्याचें कळविणारी एक तार, आणि त्या तारेवरचा निरोप ऐकून पुढील कारभार करणारा कोणी तरी. पहिल्या दोन वस्तु बाजारांत मिळतात. तिसरी म्हणजे संगणकाच्या कर्नलमध्यें राहणारा ड्रायव्हर.

हा कर्नल फौजेंतला नव्हे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ फळाच्या कवचाआंतला गर. नारळाची उपमा येथें चपखल बसते, कारण माणूस ज्या प्रोग्रॅमांतून आज्ञा देतो त्यांपैकीं एकास 'शेल' म्हणजे करवंटी असेंच नांव आहे. आंतलें खोबरें म्हणजे कर्नल. मेमरी कोणास किती द्यावयाची, कोणत्या प्रोग्रॅमची पाळी केव्हां, डिस्कवर कोणीं लिहावें, हा सर्व कारभार त्याच्या हातीं असतो. हेलसिंकीच्या लिनस टॉर्वल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा कर्नल १९९१ सालीं प्रसिद्ध केला. योगायोग असा कीं, त्याच १९९१ सालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 'परम ८०००' हा महासंगणक जगापुढें ठेवला. दोहोंचा तेव्हां एकमेकांशीं संबंध नव्हता. पुढें मात्र लिनक्सनें हें सर्व क्षेत्र व्यापलें. नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील अव्वल ५०० महासंगणकांच्या यादींतील एकूण एक संगणक लिनक्सवरच चालत आला आहे. तळहाताएवढ्या संगणकांतहि बहुधा तोच कर्नल असतो.

कर्नलला प्रत्येक उपकरणाची भाषा येत नाहीं. त्यासाठीं त्यानें दुभाषे ठेवलेले असतात, तेच ड्रायव्हर. पुण्याच्या जुन्या वाड्याचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. देवडीवर पहारेकरी असतो, आंत कारभारी असतो, आणि चौकांत अनेक मंडळी आपापल्या कामांत असतात. बाहेरून जासूद आला तर पहारेकरी त्याचा निरोप घेतो. संगणकांत ह्या जासुदाच्या हांकेस इंटरप्ट म्हणतात. ती हांक आली कीं प्रोसेसर हातांतलें काम अर्ध्यावर ठेवून तिच्याकडे वळतो. ह्यांतच तिचें सामर्थ्य आहे आणि ह्यांतच धोका आहे. पहारेकऱ्यानें निरोप घेऊन लगेच देवडीवर परतलें पाहिजे. 'शत्रु येत आहे' हें ऐकून तो स्वतःच कोठाराला कुलूप लावण्यास, दप्तर गुंडाळण्यास धांवला, तर दार उघडें राहील. आणि कोठाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असली तर तो तेथेंच वाट पाहत उभा राहील आणि सारा वाडा खोळंबेल. म्हणून इंटरप्टचें उत्तर देणाऱ्या भागानें कशाचीहि वाट पाहत थांबावयाचें नाहीं, असा कर्नलमधील कडक नियम आहे. त्यानें एक चिठ्ठी लिहून कारभाऱ्याच्या टोपलींत टाकावी आणि परत फिरावें. चिठ्ठींतील काम मागाहून, सवडीनें, ज्यास थांबण्याची मोकळीक आहे असा दुसरा सेवक करतो. ड्रायव्हर लिहूं लागलेला नवखा विद्यार्थी बहुतेक ह्याच पायरीवर अडखळतो. निरोप मिळाला, मग लगेच डिस्क बंद करूं या, असें त्यास वाटतें. आणि संगणक शांतपणें बंद होण्याऐवजीं गोठून जातो.

चिठ्ठींत तरी काय लिहावयाचें? येथेंहि हौसेस आवर घातला पाहिजे. डिस्क बंद करण्याचें, प्रोग्रॅमांस निरोप देण्याचें काम ड्रायव्हरनें स्वतः करावयाचें नसतें. कोणता प्रोग्रॅम आधीं मिटवावा, कोणता नंतर, हें ज्ञान कर्नलच्या बाहेरील व्यवस्थेपाशीं असतें. ड्रायव्हरनें फक्त 'रीतसर आवरतें घ्या' एवढी विनंति करावी. लिनक्समध्यें ह्यासाठीं 'ऑर्डर्ली पॉवरऑफ' नांवाची तयार सोय आहे. ती स्वतःच चिठ्ठी टाकण्याच्या पद्धतीनें काम करते, आणि बंद करण्याची नेहमींची आज्ञा बाहेरच्या व्यवस्थेस देते. ती आज्ञा सुरूच होऊं शकली नाहीं, तर, तशी मुभा दिलेली असल्यास, कर्नल घाईघाईनें होईल तेवढा मजकूर डिस्कवर उतरवून स्वतःच वीज तोडतो. रीतसर मार्गानें गेल्यास प्रत्येक प्रोग्रॅमला आधीं सभ्यपणें कळविलें जातें. तो आपले कागद आवरतो आणि जातो. जो जात नाहीं त्यास मुदतीनंतर बळानें घालविलें जातें. मग डिस्कवरील सर्व व्यवहार पुरे करून ती विलग केली जाते, आणि सर्वांत शेवटीं वीज.

मुदतीचा हा मुद्दा कागदावर क्षुल्लक दिसतो. व्यवहारांत तोच घात करतो. हल्लींच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत एका हट्टी प्रोग्रॅमची वाट ९० सेकंदपर्यंत पाहण्याची प्रथा आहे. बॅटरी मात्र ६० सेकंदांची बसविली असेल, तर सर्व कांहीं यथासांग सुरू होऊन एका हट्टी प्रोग्रॅमपायीं ऐन वेळीं अंधार पडेल. म्हणून आधीं बॅटरीचा वेळ मोजावा, त्यांतून बरीच शिल्लक बाजूला काढावी, आणि उरलेल्या वेळांत बसेल अशी प्रोग्रॅमांची मुदत ठरवावी. कर्नलमध्यें २०२१ सालीं आलेली आणखी एक सोय ह्या कामीं उपयोगी पडते. तीस किती मिलिसेकंदांची सवड आहे हें सांगावयाचें. तेवढ्यांत रीतसर निरवानिरव झाली तर ठीक, नाहीं तर ती जबरदस्तीनें यंत्र बंद करते.

आतां तारेकडे वळूं या. ती एवढीशी तार, पण तिच्याविषयीं एक प्रश्न सोडविल्याशिवाय पुढें जाऊं नये. वीज असतांना तारेवर संकेत असावा, कीं वीज गेल्यावर यावा? वरवर पाहतां दोन्ही सारखेच. पण तार उंदरानें कुरतडली असें समजा. वीज गेल्यावर संकेत येणार अशी योजना असेल, तर तुटलेल्या तारेवर कधींच कांहीं येणार नाहीं; आणि ती तुटल्याचा पत्ता ज्या दिवशीं खरोखर वीज जाईल त्याच दिवशीं लागेल. उलट, वीज असेपर्यंत संकेत चालू आणि गेली कीं बंद अशी योजना असेल, तर तार तुटतांच संगणक विनाकारण बंद होईल. मालक चिडेल, पण तार तपासील. आगगाडीच्या ब्रेकांचें तत्त्व हेंच. ह्या योजनेंत तुटकी तार अधांतरीं राहून खोटा संकेत दाखवूं नये, म्हणून तिला एका रोधकानें शून्याकडे ओढून ठेवावें लागतें. हा रोधक स्वस्त असतो म्हणूनच पुष्कळदां विसरला जातो. मात्र जो संगणक मध्येंच बंद होणें हेंच संकट आहे, अशा ठिकाणीं हा निर्णय उलटाहि करावा लागेल. तेथें दोन तारा लावून दोहोंचें एकमत पाहणें हा मधला मार्ग.

तारेवरचा निरोप खरा कीं खोटा हेंहि पारखावें लागतें. कोणतीहि धातूची कळ दाबली असतां तिचे दोन पत्रे एकदांच चिकटत नाहींत. कांहीं मिलिसेकंद ते थरथरतात, आणि संगणकास एका दाबण्याऐवजीं दहा ऐकूं येतात. म्हणून हांक आल्यावर थोडें थांबून तार पुन्हां वाचावी. कळींसाठीं लिनक्समध्यें जो तयार ड्रायव्हर आहे तो, दुसरें कांहीं सांगितलें नसेल तर, ५ मिलिसेकंद थांबतो. विजेच्या बाबतींत एवढ्यानें भागत नाहीं. पावसाळ्यांत तारांवर फांदी घासली कीं वीज डोळा मिचकावून परत येते. तेवढ्यासाठीं संगणक बंद करणें वेडेपणाचें. बॅटरी भरपूर असेल तर वीज गेल्यावर पांचदहा सेकंद वाट पाहावी, आणि तेवढ्यांत ती आली तर चिठ्ठी परत घ्यावी. परंतु निरवानिरव एकदां सुरू झाली म्हणजे मग परत फिरावयाचें नाहीं. निम्मे प्रोग्रॅम निघून गेलेल्या संगणकावर 'आतां चालूं द्या' म्हणणें म्हणजे मांडव अर्धा उतरविल्यावर वऱ्हाड पुन्हां पंगतीला बसविणें होय.

आणखी एक फट सहज नजरेआड होते. हांक ही बदलाची असते. संकेत होता तो गेला, त्या क्षणीं ती मारली जाते. संगणक सुरू होत असतांना, ड्रायव्हर देवडीवर येऊन उभा राहण्यापूर्वींच वीज गेली असेल, तर तो क्षण निघून गेलेला असतो; ड्रायव्हर हांकेची वाट पाहत राहतो आणि संगणक बॅटरी संपेपर्यंत निश्चिंत चालतो. म्हणून कामावर रुजू होतांच ड्रायव्हरनें एकदां स्वतः तार वाचून पाहावी. रजेवर जातांनाहि क्रम सांभाळावा लागतो. आधीं हांका घेणें बंद करावें, आणि मग टोपलींतील चिठ्ठ्या रद्द कराव्या. उलट केल्यास चिठ्ठ्या रद्द करून पाठ फिरवितांच नवी हांक येऊन नवी चिठ्ठी पडते, आणि तिच्यावर काम करणारा ड्रायव्हर तर निघून गेलेला असतो. साध्या प्रोग्रॅमांत अशी चूक झाली तर तेवढा प्रोग्रॅम मरतो. कर्नलच्या आंत झाली तर सारा संगणक कोसळतो. म्हणजे ज्या अपघातापासून रक्षण करावयाचें तोच अपघात रक्षकाच्या हातून घडतो.

ह्या कारणास्तव जाणते लोक ड्रायव्हर लिहावयास बसण्यापूर्वीं एक प्रश्न विचारतात: लिहिण्याची गरज आहे काय? एका तारेवरचा बदल ओळखून 'वीज बंदची कळ दाबली' असें कळविणारा ड्रायव्हर लिनक्समध्यें आधींपासूनच आहे. कोणती तार, कोणता अर्थ, एवढें पांचसात ओळींच्या वर्णनांत सांगितलें कीं तो कामास लागतो, आणि तो जगभर असंख्य यंत्रांत कसोटीस उतरलेला आहे. स्वतःचा ड्रायव्हर तेव्हांच लिहावा जेव्हां उपकरणाची भाषा खरोखर निराळी असते. उदाहरणार्थ, बॅटरीची पेटी एका तारेऐवजीं आंकड्यांनीं आपली स्थिति सांगत असते, किंवा ठराविक वेळानें तिला 'मी जिवंत आहें' असें कळवावें लागतें. विद्यार्थ्यानें शिकण्यासाठीं लिहिला तर उत्तमच. मात्र तो घरच्या हिशेबाच्या संगणकावर बसवूं नये.

घरगुती संगणकांत ह्या कल्पनेचें एक रूप सर्वांच्या परिचयाचें आहे. पूर्वीं त्यांचा खटका थेट वीज तोडीत असे. १९९५ च्या सुमारास आलेल्या नव्या पेट्यांत आणि १९९६ सालच्या एसीपीआय नांवाच्या नियमावलींत त्या खटक्याचें रूपांतर विनंतींत झालें. आज बटण हलकेंच दाबलें तर तें कर्नलकडे निरोप धाडतें, आणि सर्व रीतसर बंद होतें. तेंच बटण ४ सेकंदांहून अधिक वेळ दाबून धरलें तर कोणास न विचारतां वीज तुटते. घरांतील घाईची माणसें हा दुसरा प्रयोग नित्य करतात, आणि मग संगणक 'हळू झाला' म्हणून तक्रार करतात.

शेवटची पायरी सर्वांत फसवी. कर्नलनें सर्व आवरलें, डिस्क विलग केली. आतां बॅटरीस कोण सांगणार कीं काम झालें, वीज तोडा? बॅटरी आपल्या अंदाजानें तोडील तर ती कदाचित् लवकर तोडील, कदाचित् नाहक जळत राहील. म्हणून आणखी एक तार उलट दिशेनें नेतात, आणि कर्नल आपली अगदीं अखेरची कृति म्हणून तिच्यावर संकेत देतो. पण ह्याच सुमारास बाहेरची वीज परत आली तर? संगणक बंद होण्याच्या वाटेवर असतो, बॅटरी पाहते कीं वीज तर आहे, म्हणून ती पुरवठा तोडीत नाहीं. संगणक बंद होतो आणि बंदच राहतो. कारण 'वीज गेली आणि आली' हा बदल त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं, आणि बटण दाबण्यास तेथें माणूस नसतो. एखाद्या टेकडीवरचा पर्जन्यमापक अशा रीतीनें भर पावसाळ्यांत दिवसेंदिवस मुका राहूं शकतो, आणि त्याच्या वहींत त्या दिवसांचा पाऊस कायमचा कोरा राहतो. उपाय एवढाच कीं, निरवानिरव सुरू झाली असेल तर वीज परत आलेली असो वा नसो, बॅटरीनें पुरवठा एकदां कांहीं सेकंद तोडलाच पाहिजे आणि मग पुन्हां द्यावा. आणि पुरवठा येतांच आपण होऊन सुरू व्हावें अशी नोंद संगणकाच्या मूळ व्यवस्थेंत करून ठेवावी.

हें सर्व जमलें कीं नाहीं तें कागदावर कळत नाहीं. प्लग प्रत्यक्ष ओढून पाहावा लागतो, आणि तो एकदां नव्हे तर शेपन्नास वेळां: संगणक रिकामा असतांना, तो भराभर लिहीत असतांना, सुरू होत असतांना, बंद होत असतांना, प्लग ओढून दोन सेकंदांत परत लावून, आणि मुद्दाम ऐन शेवटच्या क्षणीं परत लावून. ह्यासाठीं टाकाऊ कार्ड वापरावें आणि मूळ मजकुराची प्रत दुसरीकडे ठेवावी. शेवटच्या क्षणांची हकीकत त्याच संगणकाच्या डिस्कवर सांपडत नाहीं, कारण तेव्हां डिस्क विलग झालेली असते. ती एका तारेनें शेजारच्या दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी लागते. नव्या बॅटरीवर ४ मिनिटें मिळालीं म्हणून समाधान मानूं नये. दोन पावसाळे पाहिलेली बॅटरी किती वेळ देते तें मोजावें, आणि प्रोग्रॅमांची मुदत त्या आंकड्याप्रमाणें पुन्हां बसवावी. मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं गच्चीवरच्या पन्हळी साफ करतात, त्याच आठवड्यांत हेंहि उरकतां येतें.